डब्यातली उसळ

"मॅडम, लवकर या! पोरगी मेली वाटते!"

सभागृहातल्या कार्यक्रमाला बंदोबस्तावर असलेले हवालदार बाबाराव फोनवर एवढ्यानं ओरडले की सहायक पोलीस निरीक्षक माया गजभियेचा चहा कपातच राहिला. प्रताप नगरातलं ते सभागृह ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. माया धावतच आत शिरली.

पोरगी मेली नव्हती. रंगमंचामागच्या खोलीत सतरंज्यांच्या ढिगावर ती आडवी पडली होती. अंग घामानं थबथबलेलं, डोळे अर्धवट उघडे, हाक मारली तर ओ नाही. मायाच्या डोळ्यांदेखत तिला झटका आला, हातपाय ताठले, दात आवळले गेले. मायानं तिला कुशीवर वळवून धरलं. रुग्णवाहिका आली आणि तिला घेऊन गेली.

दामिनी रामटेके, कोराडीची, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. गेले दोन दिवस तिच्या पोटात अन्नाचा कण गेला नव्हता, आणि तेही स्वतःच्या मर्जीनं.

माया खोलीबाहेर आली आणि समोरचा फलक बघून तिच्या डोक्यात सणक गेली. 'एक भूक जगासाठी', असं भल्यामोठ्या अक्षरांत लिहिलेलं. शहरातल्या कॉलेजांतली पोरंपोरी इथे उपाशी बसणार, त्यांचे नातेवाईक आणि दुकानदार उपासाच्या दर तासामागे देणगी देणार आणि ती देणगी जगातल्या भुकेल्यांना जाणार, असा हा कार्यक्रम. बहुतेकजण एकच दिवस बसून, फोटो काढून घरी जेवायला गेले होते. फोटो काढायची सोयही चोख होती. कोपऱ्यात एक रिकामी थाळी टांगली होती आणि खाली लिहिलं होतं, 'मी आज उपाशी आहे!' बाजूला हसरा चेहरा काढलेला.

हसरा! मायाला तो फलक टराटरा फाडावासा वाटला. पण वर्दी अंगावर होती.

संयोजक अपूर्व लगबगीनं पुढे आला. पुण्याच्या एका संस्थेनं नागपूरची शाखा काढली आणि दोन महिन्यांपूर्वी त्याला इथे पाठवलं. कडक इस्त्रीचा कुर्ता, हातात दोन फोन.

"मॅडम, आज समारोप आहे. पाहुणे येणार आहेत. जरा समजून घ्या."

"पोरगी कोणाला सापडली?"

"रितिकाला. तिची मैत्रीण आहे, स्वयंसेवक."

"तिला काय झालं असावं?"

अपूर्वनं उसासा टाकला. "स्पष्ट बोलू? मुलगी चोरून खात होती. बॅगेत मटकीची उसळ घेऊन आली होती घरून. हे असं ऊन, डबा आंबला असणार. त्यात पोट रिकामं. विषबाधा झाली, दुसरं काय!"

"डबा तुम्ही पाहिला?"

"छे! मी कशाला तिच्या बॅगेला हात लावू? पोलीस येईपर्यंत काही हलवायचं नाही, एवढं कळतं मला."

"मग कळलं कसं?"

"सगळेच बोलतायत." त्यानं नजर दुसऱ्या फोनकडे वळवली. "आम्ही देणगीदारांना कळवूनही टाकलं. एका स्वयंसेविकेनं नियम मोडला, संस्थेला खेद आहे, असं. पारदर्शकता हवी ना."

माया त्याच्याकडे बघतच राहिली. पोरीची रुग्णवाहिका अजून रुग्णालयात पोचली नसेल, आणि ह्यानं तिला चोर ठरवून मोकळं व्हावं!

"पारदर्शकता," ती दातओठ खात म्हणाली. "इथून हलू नका."

रितिका पायरीवर बसून हुंदके देत होती. माया तिच्या शेजारी टेकली.

"बॅग कुठे होती गं तिची?"

"तिच्या डोक्याखाली. मी अलगद काढली आणि बाबारावकाकांच्या हातात दिली."

"उघडलीस?"

"नाही. चेन लागलेली होती. कोणीच नाही उघडली, मॅडम. मी तिथंच उभी होती."

"दामिनीचं कोणाशी वाजलं होतं?"

रितिका घुटमळली. "सौरवशी. काल संध्याकाळी. म्हणजे, तो तीन दिवसांचा उपास करून राहिला ना. पूर्ण केला की संस्था त्याला रोमला पाठवणार, तरुणांच्या परिषदेत. भुकेवर भाषण द्यायला."

"आणि दामिनी?"

"ती पण उपाशी होती, पण स्पर्धेत नव्हती. ती पाण्याचं टेबल सांभाळायची. पाणी आणि मीठ-लिंबाचं सरबत, एवढंच चालते इथे. साखर पण नाही."

"भांडण कशावरून झालं?"

"मले नाही सांगितलं. फक्त म्हणाली, उद्या समारोपाला माइकवर सांगीन, एकदाच, सगळ्यांच्या समोर."

"आज सकाळी तिनं काही घेतलं?"

"सरबत घेतलं. आम्ही सगळ्यांनीच घेतलं. कौशल्याकाकूंनी दिलं, सौरवची आई. फार प्रेमळ आहेत. तीन दिवसांपासून इथंच आहेत, रात्रीपुरत्या घरी जातात, पोराइतकंच आमचं पण करतात."

रंगमंचावर एका सजवलेल्या खुर्चीत सौरव बसला होता. गळ्यात पट्टा, पट्ट्यावर संस्थेचं नाव. तिसऱ्या दिवसाच्या मानानं पोरगा टवटवीत होता.

"दामिनीशी काय वाजलं रे तुझं?"

"काही नाही मॅडम. असंच, पाण्यावरून."

"पाण्यावरून कोणी माइकवर बोलायची धमकी देत नाही."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"तिसरा दिवस ना तुझा? ओठसुद्धा सुकले नाहीत."

"मी... मी ध्यान करतो रोज," तो पुटपुटला.

माया खाली उतरली. पोरगा खोटं बोलत होता, ते शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. पण खोटं बोलणं वेगळं आणि माणसाला मरणाच्या दारात ढकलणं वेगळं.

रुग्णालयात अतिदक्षता विभागाबाहेर डॉक्टर पियुष तिची वाटच बघत होते. तरुण माणूस, पण चेहरा ओढलेला.

"विषबाधा आहे का, डॉक्टर?"

"आम्हाला पण तसंच सांगून पाठवलं, की डबा खाल्ला आणि कोसळली. त्यात आमचा वेळ गेला." डॉक्टरांचा आवाज चढला. "उलटी नाही, जुलाब नाही. रक्तातली साखर मोजली, तर जवळपास संपलेली! झटके त्यानंच आले. नळी टाकून पोट रिकामं केलं. काय निघालं माहीत आहे? नुसतं लिंबाचं पाणी. अन्नाचा कण नाही."

"उपाशी आहे, म्हणून साखर कमी झाली असेल?"

"धडधाकट पोरगी दोन दिवस उपाशी राहिली तर थकते, चक्कर येते. एवढी नाही घसरत. आणि आम्ही ग्लुकोज दिलं की साखर वर येते, थोड्या वेळानं पुन्हा खाली. पुन्हा चढवा, पुन्हा खाली. आतून काहीतरी खेचून राहिलं तिला."

"म्हणजे कोणी काही दिलं?"

"इन्सुलिन असेल किंवा मधुमेहाच्या गोळ्या असतील. गोळ्या असतील तर त्यावर नेमकं इंजेक्शन आहे. पण कोणती गोळी, किती घेतली, काहीच माहीत नाही. रक्ताच्या तपासणीला वेळ लागतो. तोवर आम्ही अंदाजानं लढून राहिलो. पुन्हा असे झटके आले तर मेंदूला इजा होईल, नाहीतर..." डॉक्टर थांबले. "नाव आणून द्या मॅडम. गोळीचं नाव."

बाबाराव बॅग घेऊन आले. मायानं दोन साक्षीदार बोलावून, त्यांच्यासमोर चेन उघडली. आत ओढणी, एक वही, पाण्याची बाटली आणि तळाशी स्टीलचा डबा, घट्ट झाकणाचा. बाबारावांनी जोर लावून झाकण काढलं. तुपाचा वास आला.

"उसळ आहे मॅडम," बाबाराव म्हणाले. "अर्धी संपली."

मायानं वाकून पाहिलं. साबुदाणा, दाण्याचा कूट, बटाट्याच्या फोडी, हिरवी मिरची. नागपुरातल्या कोणत्याही घरात चतुर्थीला शिजणारी साबुदाण्याची उसळ.

"आंबली आहे?"

बाबारावांनी हुंगलं. "छ्या! ताजी आहे जी."

माया डब्याकडे बघत उभी राहिली. काहीतरी खटकत होतं, पण नेमकं काय ते हाती लागेना.

व्हरांड्यात बाकावर दामिनीची आई, सत्यवतीबाई, बसली होती. साधं पातळ, खांद्यावरून पदर घट्ट ओढलेला. कोराडीहून मिळेल त्या गाडीनं आली होती. तिच्या शेजारी, तिचा हात हातात घेऊन, एक गोरी भारदस्त बाई बसली होती. कपाळावर ठसठशीत कुंकू, डोळ्यांत पाणी.

"मी सौरवची आई, कौशल्या," ती बाई म्हणाली. "राहवलं नाई मॅडम. आली तशीच रुग्णवाहिकेच्या मागं. आपल्याच पोरीसारखी पोर ती."

"काही खाल्लं का काकू तुम्ही?"

"मले काय होते! मी पण पोरासंगं तीन दिवस उपासच करून राहिली, फराळावर. डॉक्टर म्हणते उपासात गोळी घ्याची नाई, म्हणून थे पण सोडली. देवानं पोरीले बरं केलं की झालं." तिनं सत्यवतीबाईचा हात थोपटला. "भूक कोनाले चुकली आहे बाई? पण पोरीले सांगून ठेवाचं ना, सहन नाई झालं तर उपासाचं खाय, तेवढंच, पन नीट ताजं पाहून."

सत्यवतीबाईनं हात सोडवून घेतला.

"आमच्यात उपास नसते," ती म्हणाली.

"नसते म्हंजे?"

"नसते म्हंजे नसते. माह्या सासऱ्यानं छप्पनमंदी दीक्षा घेतली, तवापासून घरात ना चतुर्थी ना एकादशी. साबुदाना आमी आनतच नाई." तिचा आवाज थरथरत होता, पण रडण्यानं नाही. "मी तिले म्हटलं होतं, कायले उपाशी राहतं वं? आपली आजी-पणजी उपाशीच मेली, हौस होती म्हनून नाई. तर मले म्हने, माय, कोनाले तरी दोन घास भेटतीन. आन आता लोक सांगून राहिले का माही पोरगी चोरून खात होती!"

कौशल्याकाकूंनी पदर सावरला. मग त्या उठल्या. समारोपाची वेळ झाली होती, सौरवचा उपास त्यांच्याच हातून सुटायचा होता.

त्या गेल्या. सत्यवतीबाईनं मायाच्या छातीवरची नावाची पट्टी वाचली आणि सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"पोरगी वाचन का बाई?"

माया तिच्या शेजारी बाकावर टेकली. तिच्या स्वतःच्या घरीही उपास नसायचे. शाळेत मैत्रिणींच्या डब्यात साबुदाणा दिसला की ती आईला विचारायची, आज त्यांच्याकडे काय आहे? आई म्हणायची, त्यांचा उपास आहे, म्हणून त्या खाऊन राहिल्या. तेव्हा मायाला फार हसू यायचं. उपास आहे आणि खातात!

उपास आहे आणि खातात.

माया ताडकन उठली. दारातून आत डॉक्टरांना म्हणाली, "फोन हातात ठेवा. नाव आणते." बाबाराव गाडी सुरू करेपर्यंत तिनं अपूर्वला फोनवर चारच शब्द सांगितले, "समारोप सुरू करायचा नाही."

अर्थात त्यानं तो सुरू केला होता. पाहुणे आले होते, फुलं दिली गेली होती. अपूर्व माइकवरून सांगत होता, "एका दुर्दैवी प्रसंगानं आपण खचणार नाही..." माया मधल्या वाटेनं तरातरा गेली आणि तिनं माइकची वायरच खेचली.

"तुम्ही आत या. सौरव, तू पण. रितिका. आणि काकू तुम्ही."

सौरवच्या समोर संत्र्याच्या रसाचा पेला घेऊन उभ्या असलेल्या कौशल्याकाकूंनी पेला खाली ठेवला. रंगमंचामागच्या त्याच खोलीत सगळे उभे राहिले. दारात पोरापोरींची गर्दी झाली. मायानं त्यांना हटकलं नाही.

"वेळ नाही," ती म्हणाली. "म्हणून उभ्या उभ्याच सांगते. दामिनीनं काही खाल्लं नाही. डॉक्टरांनी तिचं पोट रिकामं करून पाहिलं. आत फक्त लिंबाचं पाणी होतं. अर्धा डबा साबुदाणा आणि बटाटा खाल्लेल्या माणसाच्या पोटात अन्न सापडतं, रक्तात साखर सापडते. तिच्याकडे दोन्ही नव्हतं. म्हणजे डबा तिच्या बॅगेत कोणीतरी ठेवला, आणि ती खात होती असं दिसावं म्हणून आधीच अर्धा रिकामा करून ठेवला."

"साबुदाणा?" अपूर्व चमकला. "पण..."

"पण तुम्ही तर मला मटकी सांगितली होती, नाही का? डबा तुम्ही पाहिला नाही. बॅगेची चेन कोणी उघडली नाही. झाकण तर आमच्या हवालदारांनाही जोर लावून काढावं लागलं. मग मटकी आली कुठून?"

अपूर्वनं दोन्ही फोन खिशात घातले.

"मी सांगते कुठून आली. तुम्हाला कोणीतरी सांगितलं की पोरीच्या बॅगेत उसळ आहे. एवढंच, नुसती उसळ. तुम्ही पडले पुण्याचे. तुमच्याकडे उसळ म्हटलं की मोड आलेली मटकी. साबुदाण्याला तुम्ही म्हणता खिचडी. आमच्या नागपुरात साबुदाण्यालाच उसळ म्हणतात. सांगणारं माणूस इथलं होतं आणि बंद डब्यात काय आहे ते त्याला माहीत होतं. कारण ती त्यानंच शिजवली होती."

दारातली पोरं आणखी पुढे सरकली.

"आता दुसरी गोष्ट. हा काही धर्माचा उपास नव्हता. इथे नियम एकच, काही खायचं नाही. ज्याला चोरून खायचं आहे तो वडापाव खाईल, पोळीभाजी खाईल. चोरून खाणारा माणूस साबुदाणा कशाला शोधेल? खोटा डबा भरतानासुद्धा ज्याच्या हाताला आपोआप उपासाचंच सापडलं, त्याच्या घरात उपास आणि फराळ यांत फरक नाही. आणि ते ज्या पोरीच्या माथी मारलं, तिच्या घरात साबुदाणा येतच नाही. तिच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून नाही. हे तुमच्यापैकी कोणाच्या ध्यानीमनीही आलं नाही. येणार कसं? शेजारी बसून तिच्या आईचा हात थोपटताना तरी कधी विचारलं का, बाई, तुझ्या घरी काय शिजतं म्हणून?"

मायाचा आवाज आता चिरकत होता. तिनं तो आवरला नाही.

"तिसरी गोष्ट. दामिनीला मधुमेहाच्या गोळ्या दिल्या गेल्या. सकाळच्या सरबतातून, दुसरं काही तिच्या पोटात गेलंच नाही. उपाशी माणसाला ती गोळी काय करते, हे ती गोळी रोज घेणाऱ्यालाच पक्कं माहीत असतं. डॉक्टर त्याला बजावून सांगतात, की उपासाच्या दिवशी गोळी घ्यायची नाही. मघाशी एका बाईनं मला स्वतःच्या तोंडानं सांगितलं, की उपास आहे म्हणून मी गोळी सोडली." ती वळली. "अपूर्व, एकच प्रश्न. उसळ हा शब्द तुम्हाला कोणी सांगितला?"

अपूर्वनं मान खाली घातली. त्याचं बोट मात्र उचललं गेलं.

"काकूंनी. सकाळीच सांगितलं. रितिका ओरडली त्याच्या आधी. म्हणाल्या, त्या मुलीच्या बॅगेत उसळ आहे, समारोपाआधी सगळ्यांसमोर बघून घ्या. शपथ घेऊन सांगतो, गोळ्यांचं मला काही माहीत नव्हतं!"

"विचारलंही नाही तुम्ही! कोराडीची पोरगी चोर निघाली, हे पटायला तुम्हाला डबा उघडावासुद्धा लागला नाही."

कौशल्याकाकू ताठ उभ्या होत्या. डोळ्यांतलं पाणी कुठल्या कुठे गेलं होतं.

"कोन होय थे पोट्टी?" त्या म्हणाल्या. "माह्या पोराले चोर म्हनते! मी त्याले रोज संध्याकाळी दोन घास भरवले, हाव, भरवले. माय आहो मी. पाहवते का पोरगा उपाशी? तिनं पाहिलं आन म्हने, काकू, हे माइकवर सांगाव लागते. म्या हात जोडले. म्हटलं, उपासाचंच तर खाल्लं त्यानं. उसळ चालते ना उपासाले! माह्या पोरानं उपास मोडलाच नाई!"

 बाई खोटं बोलत नव्हती, आणि त्यानं मायाचा संताप आणखीच भडकला.

"किती गोळ्या?"

"चक्कर येईन, झोपून राहीन दिवसभर, एवढंच वाटलं मले. पडली होती तवाच डबा ठेवला बॅगेत."

"पडलेल्या पोरीच्या डोक्याखाली डबा सरकवला, पण कोणाला हाक नाही मारली! किती गोळ्या?"

"मी काय जीव घ्याले..."

"काकू!" माया अशी कडाडली की दारातली पोरं मागे सरकली. "तिकडे ती पोरगी मरून राहिली! नाव सांगा गोळीचं!"

कौशल्याकाकूंनी कमरेची कापडी चंची घट्ट धरली. इतका वेळ भिंतीला टेकून उभा असलेला सौरव पुढे आला. त्यानं आईच्या कमरेची चंची ओढून काढली, आणि त्या सोडेनात तेव्हा हिसकली. आतून गोळ्यांचं पाकीट निघालं. एक अख्खी ओळ रिकामी होती. त्यानं ते मायाच्या हातात दिलं. 

मायानं फोनवर डॉक्टरांना नाव वाचून दाखवलं. एक एक अक्षर सुटं करून, दोनदा. मग रिकाम्या ओळीतल्या गोळ्या मोजून सांगितल्या. पलीकडून डॉक्टर पियुष कोणाला तरी ओरडले, पावलं धावल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

बाबारावांनी कौशल्याकाकूंना बाहेर नेलं. जाताना त्या मागे वळून सौरवला म्हणाल्या, "बेटा, रस पिऊन घेजो. उपास सुटला नाई तुझा."

सौरवनं गळ्यातला पट्टा काढला. माइकची वायर स्वतःच जोडली आणि पाहुण्यांसमोर उभा राहिला. फार काही बोलला नाही. "मी रोज खाल्लं. दामिनीनं नाही खाल्लं. चोर मी आहे." मग तो खाली उतरून सरळ पोलिसांच्या गाडीत जाऊन बसला. अपूर्व मायाजवळ येऊन हळूच म्हणाला, "हे प्रकरण बाहेर गेलं तर जगभरातल्या भुकेल्यांचं नुकसान होईल, मॅडम."

मायानं त्याला ठाण्यावर यायला सांगितलं. पोलीस येण्याआधीपासून ठाऊक असलेली गोष्ट लपवली, ती का, हे तिथे सविस्तर बोलू म्हणाली. त्याहून जास्त काही बोलली असती तर वर्दी राहिली नसती.

संध्याकाळी उशिरा दामिनीची साखर एका जागी टिकली. तिनं डोळे उघडले, आईला ओळखलं, आपलं नाव सांगितलं. डॉक्टर पियुष खुर्चीत बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. मग म्हणाले, "आता थोडं थोडं खाऊ द्या तिला. मऊ काहीतरी."

सत्यवतीबाईनं वरणभात कालवला. पोरीच्या तोंडाशी घास नेला. दामिनीनं तोंड मिटून घेतलं.

"खाय वं बेटा."

दामिनीनं मान हलवली आणि पलंगाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या मायाकडे पाहिलं. आवाज इतका बारीक होता की मायाला वाकावं लागलं.

"मॅडम, ते म्हणून राहिले होते... मी अर्धवट ऐकलं, गाडीत. मी खाल्लं म्हणून."

"खोटं निघालं ते. सगळ्यांसमोर सांगितलं. आता कोणी म्हणत नाही."

"तुम्ही लिहिलं का?"

"लिहीन की. तुझा जबाब उद्या घेईन. आधी जेव तू."

"नाही," दामिनी म्हणाली. "आधी लिहा. मी खाल्लं नव्हतं. मंग जेवीन."

सत्यवतीबाई घास हातात धरून तशीच बसून राहिली. मायानं खिशातून पेन काढलं, जबाबाचा कोरा कागद मांडीवर घेतला आणि पोरीच्या तोंडून आलं तसंच पहिलं वाक्य लिहिलं. मग कागद तिच्या डोळ्यांसमोर धरला. दामिनीनं ओठ हलवत ते वाचलं आणि तोंड उघडलं.